गाडीला बंबाची तोटी

रविवार, मे महिना, १९५५. सकाळचा दुसरा चहा. हजर: शालू (माझी धाकटी नणंद, शिकलेली सुईण), आमचे हे (तिचे थोरले भाऊ), अप्पासाहेब (शालूचे थोरले दीर, खास गिरगावातून आलेले) आणि मी. शिवाय आमच्या अंगणातल्या आंब्याखाली उभी असलेली काळी, बुटकी विलायती गाडी. तिला हजर धरायचं की गैरहजर, याच एका विषयावर त्या दिवशी बोलणं झालं.

यंदाचाही मे तसाच आलाय. विहिरीचं पाणी खोल गेलंय. दुपारी वारा पडला की बिस्किटांच्या कारखान्याचा भाजका गोड वास आमच्या पार्ल्याच्या गल्लीत येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. सांताक्रूझकडून विमान उठलं की फळीवरच्या पितळी डब्यांची झाकणं थरथरतात. अंगणात खाटेवर सांडगे आहेत, चटईवर कुरडया, सुपात मिरच्या. मी काठी घेऊन कावळे राखत बसलेय. बसलेय असं म्हणायचं. बसलं की घाम येतो आणि उठलं की कामं दिसतात. पावसाआधीच्या कामांची जातच वेगळी. गाद्यांना ऊन, लोणच्याच्या बरण्या, तिखट कांडून आणणं, कौलं चाळून घेणं. यातलं एकही अवघड नाही, पण एकही थांबायला तयार नाही. आभाळाच्या कडेला एखादा पांढरा ढग नुसता येऊन गेला तरी मी सूप उचलायला धावते.

अशा वेळी नजर आंब्याखाली जाते. गाडी तिथंच आहे. बॉनेटवर डिंकाचे वाळलेले थेंब, टपावर पानं आणि एखादी पडलेली कैरी. आणि पुढे, नंबराच्या पाटीखाली, पितळेची तोटी. नवीन माणूस ती पाहून हमखास थबकतो.

"हे काय? गाडीला नळ?"

"बंबाचा आहे," मी सांगते आणि कुरडया उलटायला घेते. सगळं सांगत बसायला वेळ कुणाला आहे? आज मात्र सांगावंसं वाटतंय. हात कोरडा आहे, कावळे दुसऱ्या अंगणात गेलेत आणि मन काही केल्या जागेवर राहत नाहीये.

अप्पासाहेब तसे वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, मे महिन्यातसुद्धा काखेत छत्री. घरात शिरताना आधी उंबऱ्याकडे बघणार, मग छताकडे, मग माणसांकडे. त्या रविवारी त्यांनी बशीत चहा ओतला आणि बशीकडेच बघत म्हणाले, "शालिनी, गाडीला गिऱ्हाईक आलंय. पावसाआधी देऊन टाकू."

शालू दारातच उभी होती. अंगावर बाहेरची साडी, हातात तिची कातडी पेटी. नुकतीच एका बाळंतिणीकडून आलेली.

"कुणाची गाडी?" तिनं विचारलं.

"अगं, आपलीच की."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. गाडी घेतली शालूच्या नवऱ्यानं. तो डॉक्टर होता, पार्ल्यातच त्याचा दवाखाना. पण सौदा अप्पासाहेबांच्या ओळखीनं झाला, म्हणून कागदावर नाव त्यांचं लागलं. दोघा भावांत तुझं-माझं कधी नव्हतं, त्यामुळे नाव बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मग डॉक्टर अचानक गेला. दवाखाना बंद झाला आणि शालू गाडीसकट आमच्याकडे राहायला आली. तिनं रडून घेतलं, आणि वर्ष सरल्यावर नवऱ्यानं हौसेनं शिकवलेली गाडी बाहेर काढून स्वतःच्या कामाला लागली. अंधेरी, मरोळ, जोगेश्वरी, आरे कॉलनीतल्या गवळ्यांच्या चाळी, त्यापलीकडचे पाडे. जिथं बस अर्ध्यावर सोडते आणि टांगेवाला मान हलवतो, तिथं ती गाडी घेऊन जायची. कागद मात्र होता तसाच राहिला.

"गाडी भर बाजारात उकळली म्हणे," अप्पासाहेब म्हणाले. "अंधेरीला. इंजिनासारखी वाफ सोडत उभी होतीस आणि भोवती ही गर्दी."

"वाफ मी नाही सोडली, गाडीनं सोडली."

"शब्दात पकडू नकोस. जुनी झाली ती. उद्या आडरानात बंद पडली तर?"

"आणि विकली तर? मी काय पार्ल्यातल्या पार्ल्यात बाळंतपणं करू? मरोळच्या बायकांनी कळा थोपवून धरायच्या काय, बस येईपर्यंत?"

आमचे हे खोकले. घरात बाळंतपणाचा विषय निघाला की ते खोकतात. अप्पासाहेबांनी बशी खाली ठेवली, छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि निवाडा दिल्यासारखे म्हणाले, "बरं. महिनाअखेर मी येतो. आरे कॉलनीचा चढ मला चढून दाखव. उकळली नाही तर विकणार नाही. उकळली तर मात्र बोलायचं नाही."

शालूनं "चालेल" म्हटलं. ती असंच म्हणते. आधी "चालेल" म्हणते आणि मग माझ्याकडे बघते.

गाडीचं पोट त्याआधी मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी शालूनं बॉनेट उघडलं आणि पुढची जाळीदार टाकी दाखवली, तिला रेडिएटर म्हणतात. इंजिनाचं तापलेलं पाणी तिच्यात येतं, वाऱ्यानं निवतं, परत आत जातं. मी म्हटलं, "म्हणजे आपला बंबच की. फक्त उलटा. बंब पाणी तापवतो, हा निववतो."

"तसंच समज."

"आणि यात पाणी कुठलं घालतेस?"

"विहिरीचं. तो होता तेव्हा तोही तेच घालायचा."

झालं. मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. आमच्या विहिरीचं पाणी बंबात काय करतं ते मला ठाऊक आहे. आतून पांढरा थर चढतो, अगदी चुन्यासारखा, आणि शेवटी बंब नुसता धुमसतो, पाणी काही तापत नाही. दर दिवाळीआधी मी बंब उलटा करून घासते. गाडीचा हा बंब कोणी कधी घासलाच नव्हता. घासणार तरी कसा? तळाशी पाणी सोडायची एवढीशी तोटी असते, ती मागच्या वर्षी एका मिस्तरीनं पकडीनं पिळून मोडली होती आणि भोकात लाकडाची खुंटी ठोकून वर सफेदा फासला होता. वरून पाणी भरायचं, खालून निघायला वाट नाही. सगळा गाळ वर्षभर तळाशी बसून होता. नवी तोटी मिळते का, हे यांनी ऑफिसातून येताना दोन-तीन दुकानांत विचारलं. गाडी इतकी जुनी, की दुकानदारानं आधी हसून घेतलं.

"विलायतेहून मागवायची म्हणे. पावसाळ्यानंतर येईल."

"पावसाळ्यानंतर गाडी कुठे असेल, दादा?" शालू म्हणाली.

म्हणून ती आम्हीच करायची ठरलं. आम्ही म्हणजे शालू आणि मी. हे खुर्ची टाकून आंब्याखाली बसले आणि गाडीचं इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचू लागले.

"यात म्हटलंय, हे काम जाणकारानंच करावं."

"पुढचं पान वाच, दादा."

"पुढच्या पानावरही तेच म्हटलंय."

त्या मेची आठवण काढली की माझ्या डोळ्यांपुढे पहिलं येतं ते आमचं वाळवण. खाटेवर पांढऱ्या धोतरावर सांडग्यांच्या ओळी आणि त्यांच्या शेजारी, गाडीतून उतरवलेला, उन्हात तापलेला, काळपट, वेफर्ससारख्या जाळीचा तो रेडिएटर. शेजारपाजारच्या बायका कुंपणावरून बघायच्या. एकीनं विचारलं, "हे कशाचे पापड गं?" कावळे मात्र त्या खाटेकडे फिरकले नाहीत. काठी घेऊन बसावं लागलं नाही असा तो एकच मे.

आणि चिंच. तांब्या-पितळेचं भांडं कसं लख्ख करायचं हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? मी रेडिएटरच्या कडेला चिंचेचा कोळ चोळून पाहिला आणि काळ्याखालून गुलाबी तांबं असं काही हसलं, की शालूनं माझा हात धरला. "वहिनी, आतपण असंच असेल?" आम्ही वर्षाची जुनी चिंच भिजत घातली, चांगली पातेलंभर. कोळ काढला, पंच्यातून गाळला, रेडिएटरच्या पोटात ओतला आणि तो उन्हात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी खुंटी काढली तर तळातून काय काय निघालं! गंज, चुना, विटकरी चिखल. आम्ही दोघी अंगणात बसून त्या घाणीकडे एखादा दागिना पाहावा तशा पाहत होतो.

सारभाताची सवय असलेल्या घरात चिंच गाळायची म्हणजे पंच्यातून गाळायची. जेवणाऱ्याला चोथा लागला नाही की झालं. गाडीच्या नळ्या जेवणाऱ्याच्या घशाहून कितीतरी बारीक असतात, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पुस्तक वाचणाऱ्याच्याही नाही. पुस्तकात चिंच नव्हती.

मग तोटी. शालूची पहिली कल्पना तिच्या पेटीतून निघाली. एनिमाच्या भांड्याला पाणी सोडायला असते ती काळी, नाजूक चावी. मापात अगदी बसली.

"हे अप्पांना कोण सांगणार?" हे पुस्तकामागून म्हणाले.

"सांगायचं कशाला? त्यांना काय करायचंय कुठून आली ते?"

पण मी आधी ती उकळत्या पाण्यात टाकून पाहिली. नव्या बरणीलासुद्धा मी तसंच करते. चावी मऊ पडली, वाकली आणि तडकली. शालू खूप हसली, आणि हसता हसता एकदम थांबून खालच्या पायरीवर बसली. "वहिनी, दिवस संपत आले गं," म्हणाली. तिच्या नखांत काळं ग्रीस होतं. सकाळी एका घरी हात बघून लोक कुरकुरले होते, पोराला हात लावण्याआधी तिनं ते ब्रशनं घासघासून लाल केले होते. मला बसवेना. मी उठून न्हाणीघरात गेले, उगाचच. तिथं बंब होता आणि बंबाला तोटी होती.

यांनी विरोध केला, तो फार मनापासून.

"माझ्या आंघोळीचं काय?"

"मे महिना आहे. कढत पाणी कोणाला लागतं?"

"मला! बाराही महिने! हे तुला लग्न झाल्यापासून माहीत आहे!"

"पितळी आहे, जाड आहे, वर्षानुवर्षं उकळत्या पाण्याला लागलेली आहे. याहून चांगली तोटी विलायतेला तरी मिळेल का? तुमच्यासाठी चुलीवर हंडा ठेवते."

हंडा ठेवला. त्यात लाकडाचा धूर लागला म्हणून हे रोज आंघोळीनंतर स्वतःचा हात हुंगून बघत. तोटी मात्र निघाली. आता अडचण एवढीच, की बंबाची तोटी जाड आणि गाडीचं भोक करंगळीहून बारीक. मधे एक नळी हवी, तांब्याची, भोकात बसेल अशी. ती तोटीला जोडायला शालूकडे रबरी नळी होती, एनिमाच्याच भांड्याची. तांब्याची नळी कुठून आणायची?

शालू तिच्या खोलीत गेली आणि एक खोकं घेऊन आली. डॉक्टर इंजेक्शनसाठी पाणी उकळून, त्याची वाफ धरून, थेंब थेंब शुद्ध पाणी काढायचा. त्याचं ते छोटं यंत्र. त्याची वाकलेली तांब्याची नळी अजून चकाकत होती, कारण शालू ती पुसून ठेवायची. कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही.

मी म्हटलं, "दुसरीकडे मिळेल गं. बघू."

"कुठे बघणार? काप."

"शालू…"

"वहिनी, काप म्हणते ना. त्याला चाललं असतं. तो माझ्याहून उतावळा होता."

कानशीनं कापताना तांब्याचा कीस माझ्या पदरावर पडत होता. शालू नळी दोन्ही हातांनी घट्ट धरून होती. ती तिकडे बघत नव्हती, कुंपणावरच्या मोगऱ्याकडे बघत होती. नळी तुटली तेव्हा एक बारीक किणकिण झाली, तेवढीच.

नळी डाकानं जोडायला कल्हईवाला गाठला. तो गल्लीत भट्टी पेटवून बसलेला, भात्याचा फुसफुस आवाज, नवसागराचा पांढरा झोंबरा धूर. पातेल्यांच्या रांगेत आम्ही रेडिएटर मांडला. त्यानं तो फिरवून बघितला.

"बाई, ये कौनसा बर्तन है? इसमें क्या पकाते हो?"

"पकाते नाही, थंडा करते," मी म्हटलं. माझं हिंदी असंच आहे.

"तो कलई क्यों?"

"कल्हई नको रे बाबा! नुसती ही नळी इथे झाळून दे."

त्यानं डोकं हलवत कथील वितळवलं आणि नळी बसवून दिली. गंमत म्हणून आतल्या कडेला कल्हईचा हातही मारला. दिसायला छान दिसत होतं.

रेडिएटर परत बसवला. तांब्याची नळी, तिच्यावर रबर, रबराला तांब्याच्या तारेचे वेढे, आणि शेवटी बंबाची तोटी, लोखंडी पट्टीनं गाडीच्या पुढच्या दांडीला आवळलेली. धक्क्यानं तोटीचा दांडा फिरू नये म्हणून शालूनं त्याला परकराची नाडी बांधली. पाणी भरलं. आणि मग आम्ही तिघं गाडीसमोर उकिडवे बसून ऐकत राहिलो. थेंब पडतो का? दर थोड्या वेळानं मी तोटीखाली बोट धरून बघायची. कोरडं. उठायची, स्वयंपाकघरात जायची, आमटीला फोडणी द्यायची, परत येऊन बोट धरायची. टप असा आवाज झाला की तिघंही पुढे वाकायचो, आणि तो माठाचा असायचा. एकदा खरंच ओल लागली. तार सोडून परत आवळली. माझी बोटं रात्री पोळीलाही लागेनात इतकी दुखत होती. त्या दिवसांत मी एक जेवणही बसून धड जेवले नसेन.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी अप्पासाहेब आले. पुढे शालूशेजारी ते, मागे आम्ही दोघं. घोडबंदर रस्त्यानं अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगावचं फाटक. फाटक बंद होतं आणि गाडी चालू ठेवून उभं राहावं लागलं. मी बॉनेटवर नजर ठेवून होते. काही झालं नाही. अप्पासाहेबांनी वळून यांना सांगितलं, "आवाज बरा आहे." हे असे फुलले, जणू पुस्तक त्यांनीच लिहिलं होतं.

आरेच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना झाडी, ओल्या गवताचा आणि शेणाचा वास, गोठ्यांची लांबच लांब छपरं. चढ लागला. शालूनं गियर बदलला, तिच्या कोपराचं हाड मला मागून दिसत होतं. पहिलं वळण. दुसरं वळण. मग अप्पासाहेबांनी नाक वर केलं.

"छान वास येतोय. कुठेतरी सार उकळतंय."

"जेवणाची वेळ झाली," हे म्हणाले. "वस्ती आहे जवळ."

मी शालूच्या मानेकडे बघितलं. तिची मान ताठ झाली होती. चिंचेचा वास, गरम, आंबट, घरचा. मीठ-गूळ घातलं असतं तर पानात वाढता आलं असतं. आणि मग बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघाली, आधी उदबत्तीएवढी, मग चुलीएवढी.

शालूनं गाडी कडेला घेतली. अप्पासाहेब उतरले आणि त्यांनी छत्री उघडून वाफेसमोर धरली. उकळली तर बोलायचं नाही, असं ठरलंच होतं. शालू खाली बसली, पदर हाताला गुंडाळून तिनं नाडी सोडली आणि तोटीचा दांडा फिरवला. काहीच आलं नाही. थेंबसुद्धा नाही. तिचा हात दांड्यावर तसाच राहिला. ती वर बघेना.

"सरक," मी म्हटलं. अंबाड्यातला आकडा काढला, सरळ केला आणि तोटीच्या तोंडातून आत घातला. मऊ काहीतरी लागलं. ढोसलं, फिरवलं. आणि फस्सकन् तपकिरी पाणी आलं, वाफेसकट, माझ्या चपलांवर. पाण्याबरोबर चोथा, चिंचेच्या शिरा आणि पंच्याच्या कडेनं निसटलेला एक बारका चिंचोका.

अप्पासाहेब वाकून बघत होते. "हे काय आहे?"

"चिंच," शालू म्हणाली. "आम्ही गाडी चिंचेनं घासली."

त्यांनी छत्री मिटली आणि तिच्या टोकानं तो चिंचोका उलटा करून पाहिला. हसतील असं मला वाटलं. हसले नाहीत. रस्त्याकडेला म्हशींसाठी पाण्याची डोण होती. इंजिन निवेपर्यंत थांबायचं आणि मग धुवून काढायचं, शालूनं ठरवलं. आमच्याकडे भांडं म्हणजे फिरकीचा एक तांब्या. हे तो घ्यायला गेले, पण अप्पासाहेबांनी आधीच उचलला होता. त्यांनी कोट काढून झाडाच्या फांदीला लावला आणि डोणीवर निघाले. त्यांना नुसतं उभं राहणं जमत नव्हतं. एवढं एक आमच्यात सारखं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

एका खेपेला ते तांब्या घेऊन शालूसमोर थांबले. म्हणाले, "मला गाडीची पडलेली नाही. तू अशी रानावनात एकटी. काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? तो तर गेला."

शालू पाणी ओतत होती. "आणि मी घरात बसून राहिले तर मी कुणाला दाखवू, अप्पा?"

अप्पासाहेब रिकामा तांब्या घेऊन परत डोणीकडे गेले. तोटी उघडी होती. वरून पाणी, खालून पाणी. तपकिरी, मग पिवळसर, मग नितळ. म्हशी रवंथ करत आमच्याकडे बघत होत्या. शेवटची खेप झाल्यावर शालूनं तोटी बंद केली, नाडी बांधली, टाकी भरली आणि दार उघडून उभी राहिली. अप्पासाहेबांनी कोट घातला. "चल," म्हणाले. "चढ राहिलाय अजून."

चढ पार झाला. माथ्यावर गाडी थांबवून शालूनं सगळ्यांना उतरवलं आणि इंजिनाशी कान लावायला सांगितला. नुसती सुंसूं. लांब पवईचं पाणी उन्हात पत्र्यासारखं दिसत होतं. गिरगावला जायला निघताना अप्पासाहेब आमच्या फाटकाशी थबकले, गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "सध्या राहू दे."

त्या संध्याकाळी शालूनं यांना आंघोळीसाठी हंडाभर पाणी स्वतः तापवून दिलं आणि मी चिंचेचा सगळा डबा परातीत ओतून चिंचोके वेचत बसले. आनंदानं झोप लागावी तर लागेना. सध्या. या शब्दावर पाठ टेकवता येत नाही.

चार वर्षं झाली. शालूची गाडी चालते आहे. पाणी आता नळाचं घालतो, आणि दर महिन्याला तोटी उघडून बघतो. आरेच्या पाड्यांत शालूच्या हातावर जन्मलेली पोरं तिच्या गाडीमागे धावतात. बंबाला आम्ही नवी तोटी आणली, ती गळते, ते दुःख यांचं. अप्पासाहेब दर मेमध्ये येतात, कोकणातल्या त्यांच्या बागेचे आंबे आणतात आणि शालूशेजारी बसून पवईपर्यंत चक्कर मारून येतात. विकायचा शब्द त्यांनी पुन्हा काढलेला नाही. नाव बदलायचाही नाही. आम्हीही नाही. विचारलं आणि ते "नाही" म्हणाले तर? न विचारता चाललंय, चालू द्यावं, असं शालू म्हणते. तोटीची तार रोज आवळून बघणारी बाई या बाबतीत मात्र हात लावू देत नाही.

पण यंदा ते आले तेव्हा पायऱ्या चढताना दोनदा थांबले. ओठ निळसर दिसले. त्यांचा थोरला मुलगा बरोबर होता, सरळ मुलगा, पण अंगणात उभं राहून तो सहज म्हणाला, "ही अजून ठेवलीय होय काकूंनी? आमच्याच नावावर आहे ना ही?" सहजच म्हणाला. मी हातातलं सूप खाली ठेवलं. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. अप्पासाहेब ओसरीवर आंबा चोखत होते, रस मनगटापर्यंत आलेला, चेहरा लहान मुलासारखा निवांत. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं.

"काय, वहिनी?"

मागून शालूनं डोळ्यांनी नको म्हटलं.

"हात धुवायला पाणी देऊ?" मी म्हटलं.

पुढच्या रविवारी ते परत येणार आहेत, या खेपेला एकटे. मरोळच्या एका बाईचे दिवस भरत आलेत, तेव्हा शालू तिकडे असली, घरी नसली, तर बरं. विचारायचं एवढंच आहे: अप्पासाहेब, गाडी शालूच्या नावावर करता का? सकाळपासून मी ते कुरडयांना ऐकवतेय. त्यांना अजून विचारायचं आहे.